सरकारी विमानाच्या पोटात

गणपती गेले की आमच्याकडे कलमाचे दिवस सुरू होतात. नाशिकात मखमलाबादच्या पुढे, शहर संपतंही आणि संपतही नाही अशा जागी आमचं घर आहे. एका अंगाला नव्या बिल्डिंगांचे पत्रे ठोकलेले, दुसऱ्या अंगाला झेंडू, कोथिंबीर आणि थोडी द्राक्षं. पाऊस मागे सरकतो, ऊन एकदम डोक्यावर येतं, रस्त्यावरचा चिखल वाळून त्याची धूळ होते. सुरगाण्याकडून कलमाच्या मजुरांनी भरलेल्या जीपा यायला लागतात. आणि आमच्या घरातला फोन वाजू लागतो. आप्पा आहेत का, एवढंच सगळे विचारतात.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमची शेती बेताचीच, पण पंचक्रोशीत आप्पांची ओळख शेतीमुळे नाहीच, ती कलमामुळे. द्राक्षाची नवी बाग लावताना आधी जमिनीत जंगली वेलाचं रोप लावतात, कारण त्याची मुळं चिवट असतात. ते पेन्सिलीइतकं जाड झालं की वरून छाटायचं, मधोमध चीर द्यायची, आणि आपल्याला हव्या त्या जातीची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. मग वाट बघायची. काडीवरचा डोळा फुटून कोंब आला तर कलम लागलं, नाही तर काडी वाळून जाते. ऐकायला सोपं आहे. मी एकदा हौसेनं भरलेलं कलम दुसऱ्या दिवशी वाऱ्यानंच उपटून टाकलं होतं. आप्पांची मात्र भरलेली कलमं जगतात, असं लोक म्हणत, आणि आप्पा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत, पण चहा मात्र दोनदा पाजत.

यंदाही फोन वाजतोय. मी सुट्टीच्या दिवशी झाडलोट करायला घेतली आणि टीव्हीच्या वरच्या फळीवरचं विमान खाली काढलं. हातभर लांब, पांढरंशुभ्र, अंगावरून केशरी आणि हिरवा पट्टा गेलेला, शेपटीवर तिरंगा, आणि खिडक्यांच्या वर भारत असं लिहिलेलं. देशातली मोठी माणसं ज्यातून परदेशी जातात, ते सरकारी विमान. धूळ पुसता पुसता मी तिथंच जमिनीवर बसून राहिले. आपल्या घरात फार वस्तू अशा नसतात की ज्या हातात घेतल्यावर एक अख्खा हंगाम परत येतो.

घरी येणारा प्रत्येक पाहुणा या विमानाबद्दल विचारतो. कुणाला वाटतं आमच्यातलं कुणी वैमानिक आहे. कुणाला वाटतं कुठल्याशा समारंभात बक्षीस मिळालंय. एका लांबच्या मामांनी तर आप्पांना दबक्या आवाजात विचारलं होतं की दिल्लीत वर कुणाशी ओळख आहे का, पुतण्याच्या बदलीचं काम होतं. दसऱ्याला आई ट्रॅक्टरला, विळ्या-खुरप्यांना हार घालते, तेव्हा यालाही घालते. नाकावर कुंकवाचं बोट लावते. मी सांगून थकले की पांढऱ्या रंगावर डाग राहतो. वाहन आहे ना, मग, असं तिचं म्हणणं.

हे विमान घरात आलं त्या वर्षी वैशाखात आप्पा गाडीवरून घसरले. नुसतं पडून काही झालं नसतं, पण रस्त्याकडेला फुटलेली बाटली होती आणि उजवं मनगट नेमकं तिच्यावर गेलं. जखम भरली, टाके निघाले, पण अंगठा आणि शेजारचं बोट मुकं झालं. हलायचं थोडंफार, पण त्याला काही कळायचं नाही. गरम नाही, गार नाही, खरखरीत नाही, गुळगुळीत नाही. डॉक्टरांनी सांगितलं की आतली नस तुटली होती, ती जोडली आहे, आता ती मनगटापासून बोटाच्या टोकाकडे हळूहळू वाढत जाईल. किती दिवसांत, आणि टोकापर्यंत पोचेल की नाही, हे आज सांगता येणार नाही.

आप्पांनी हे सगळं फार लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे कलमच भरलंय म्हणा की. मग लागलं का नाय ते कशावरून कळायचं? हितं तर डोळा फुटायचा नाय." डॉक्टर हसले आणि म्हणाले की फुटेल, पण तो तुम्हाला दिसणार नाही, जाणवेल. ज्या कामात सगळा विश्वास बोटांच्या टोकांवर, त्या कामाच्या माणसाची नेमकी तीच टोकं बंद पडली होती. कलम भरताना आप्पा डोळ्यांनी फारसं बघतच नसत. काडीची साल रोपाच्या सालीला भिडली की नाही, हे ते अंगठ्यानं चाचपून ठरवायचे.

व्यायाम सांगितले होते. तांदळातून वाटाणे वेचायचे, दोऱ्यात मणी ओवायचे. आईनं लगेच ताट मांडलं. आप्पांनी चार वाटाणे वेचले आणि ताट सरकवलं. या वयात मला बालवाडीत घातलंय का, म्हणाले. आई चिडली, मग रडली, मग तेच वाटाणे संध्याकाळी उसळीत घातले. मी ऑफिसातून, म्हणजे नाशिक रोडहून, घरी येईपर्यंत रोज या दोघांचं भांडण होऊन शिळं झालेलं असायचं.

विमान आमच्या घरात शिरलं ते अशा वेळी. त्याच्या आदल्या हिवाळ्यात कुणी मोठी व्यक्ती ओझरच्या विमानतळावर उतरणार होती म्हणून ते पांढरं विमान आमच्या भागावरून अगदी खालून गेलं होतं. आप्पा तेव्हा बागेत होते. कोण येतंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, पण विमानानं त्यांना पुरतं पछाडलं. त्यात तिकीट काढून कुणी बसत नाही, मग आत खुर्च्यांच्या रांगा असतील का? नसतील तर काय असेल? झोपायची खोली असेल का? असली तर कुठल्या खिडकीला? बरेच दिवस ते कुणालाही हे विचारत. मलाही बंद दार दिसलं की आत काय असेल याची चुटपुट लागते. ही खोड मी कुणाकडून घेतली ते तेव्हा लक्षात आलं.

म्हणून श्रावणात मी ऑनलाइन एक खोकं मागवलं. त्यात त्याच जातीच्या विमानाचे सुटे भाग होते, खऱ्याच्या एकशे चव्वेचाळीसाव्या भागाइतके बारीक, प्लॅस्टिकच्या चौकटींना देठानं लटकलेले. आत चिकटवायची चित्रं प्रवासी कंपनीच्या विमानाची होती. सरकारी रंगाची, पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं वेगळी मागवावी लागली. खोकं उघडलं तेव्हा घरात नव्या प्लॅस्टिकचा वास पसरला. आप्पांनी एक चौकट उजेडाकडे धरली, आरपार बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "आतलं सामान कुठंय?"

आतलं सामान नव्हतंच. पोकळ दोन अर्धी कवचं, डावी आणि उजवी, ती एकमेकांना चिकटवायची की झालं विमान. आप्पांना हे अजिबात पटेना. बाहेरून तर ते आकाशात दिसलंच होतं, मग घरी आणून उपयोग काय? शेवटी ठरलं की आतलं आपण करायचं. आत काय आहे हे आपल्याला कुणी सांगणार नाही, तेव्हा काय असलं पाहिजे ते आपणच ठरवायचं.

मग आमच्या घरात जे काही चाललं त्याला मी चर्चासत्रच म्हणेन. आम्ही बातम्या लावून बसायचो. पण सरकारी विमानाची बातमी म्हणजे शिडी आणि हलणारा हात. दार उघडतं, माणूस हात जोडतो, दार बंद. कॅमेरा आत जातच नाही. आप्पा टीव्हीसमोर मान तिरकी करून बसत, जणू तिरकं बघितलं तर दारातून थोडं अधिक आतलं दिसेल. मोठ्या माणसाची खोली पुढे, कारण मागे इंजिनाचा आवाज येत असणार, हे त्यांचं मत. मग बैठकीचं टेबल, मग साहेब लोक, मग पोलीस. माझं मत होतं की स्वयंपाकघर मधोमध हवं. आईनं पोळ्या लाटता लाटता विचारलं की आत चपला कुठे काढतात. एवढे दिवस डोकं लावूनही हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. मग दाराशी जागा सोडली.

भाद्रपदातल्या त्या दुपारी अजून माझ्या नाकात आहेत. ओटीवर वर्तमानपत्र पसरलेलं, शेजारी आदल्या दिवशी तोडलेल्या झेंडूचे क्रेट, त्याचा तो कडवट वास आणि त्यात डिंकाचा. आगपेटीच्या लाकडाचा पलंग, आईच्या ब्लाऊजपीसचा पडदा. आप्पा बारीक चिमट्यानं खुर्ची उचलायचे. मुकी बोटं चिमटा किती दाबतायत ते सांगत नसत, म्हणून कधी खुर्ची उडून झेंडूत जायची आणि आम्ही सगळे ती शोधायचो. ते वैतागत, पण ताटासारखं सरकवत नसत. कारण पुढचा प्रश्न तयार असायचा. मुक्कामाचं विमान आहे तर ओला टॉवेल कुठे वाळत घालणार, हे आईनंच काढलं. मी म्हटलं, अगं, विमानात कुणी टॉवेल वाळत घालत नाही. ती म्हणाली, तू गेलीयस? मी गेले नव्हते. आप्पांनी पलंगाच्या मागे एक धागा ताणून बांधला. ती गाठ मारायला त्यांना अख्खी दुपार लागली. आजही त्या विमानात वाळत घालायची दोरी आहे, आणि देशात हे फक्त आम्हा तिघांना माहीत आहे.

कधी कधी मला वाटतं, आपल्याला आतलं काही दिसत नाही म्हणूनच आपण इतकं नीट विचार करत बसतो. दिसलं असतं तर एक नजर टाकून चॅनेल बदललं असतं. हाताचंही तसंच होतं. रोज सकाळी आप्पा अंगठ्याकडे बघत, आत काय चाललंय याचा अंदाज घेत, आणि काही कळत नसे. मीही बघायचे. मनगटावरचा पांढरा वळ तेवढा दिसायचा. त्याच्या पलीकडे ती नस कुठवर पोचली असेल, अंगठ्याच्या बुडाशी की अजून तळहातातच, याचा मी ऑफिसात बसूनही विचार करायचे.

गणपती गेले आणि फोन सुरू झाले. आमच्या शेजारच्या निवृत्तीकाकांनी नवी बाग लावली होती. ते आप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनी कामाला माणसं बोलावली होती, पण पहिलं कलम तूच भर, म्हणून ते आप्पांना न्यायला आले. आईनं नको म्हटलं. आप्पा पेटीतून कलमाचा चाकू काढून, सदरा बदलून निघाले. मीही मागे गेले.

त्यांनी रोप छाटलं, चीर दिली. काडीला उजवा अंगठा टेकवून, चाकू त्याच्याकडे ओढत पाचर तासायला लागले. सगळे बघत उभे होते. पाचर छान उतरत होती. काकांच्या तोंडावर हसू येत होतं. मग मला दिसलं की काडी लाल होतेय. आप्पांना दिसलं नव्हतं, कारण ते सवयीनं भलतीकडेच बघत होते. चाकू अंगठ्यात शिरला होता आणि अंगठ्यानं त्यांना काही सांगितलं नव्हतं. काकांनी हात धरला तेव्हा त्यांनी खाली बघितलं. दुखलं नाही, म्हणाले. एवढंच. त्यांचा तो आवाज ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी बागेच्या टोकाला जाऊन उभी राहिले.

काकांची बाग त्या वर्षी दुसऱ्यांनी भरली. आप्पा घरातच बसले. फोन आला की आईला खुणेनं सांगत, नाही म्हण. विमानाकडेही वळले नाहीत. पोट उघडं टाकलेली ती दोन कवचं ओटीवर पडून होती, एकात पलंग, एकात खुर्च्या. मी एकदा विषय काढून बघितला की बंद करायच्या आधी दिव्याची सोय राहिलीय. त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. पितृपक्ष तसाच गेला. मला भीती वाटत होती ती हाताची नव्हती. त्यांचे प्रश्न संपले की काय, याची होती. आप्पांनी काही न विचारता सलग इतके दिवस काढलेले मी कधी पाहिले नव्हते.

घटस्थापनेच्या दिवशी मी घरी आले तर ओटीवर विमान पट्टीत गुंडाळलेलं. कलमाची तीच प्लॅस्टिकची पट्टी, नाकापासून शेपटीपर्यंत, वळशावर वळसा. आप्पांनी दिवसा एकट्यानं दोन्ही कवचं जोडली होती. मी पट्टी सोडून बघायला गेले तर म्हणाले, हात लावू नको. जोड उघडून बघायचा नसतो, धरू दे. मी सांगितलं की या डिंकाला तासभर पुरतो. ते म्हणाले, तुझा डिंक असंल घाईचा. मग ते नवरात्रभर तसंच राहिलं, घटाच्या शेजारी, कोनाड्यात. आई दोघांनाही उदबत्ती ओवाळायची.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी त्यांनी पट्टी सोडली. वरचा सांधा बघून मी थक्क झाले. नाकापासून शेपटीपर्यंत रेघ कुठे आहे हे शोधावं लागत होतं. मग मी विमान उलटं केलं. पोटाखाली एक कवच दुसऱ्यापेक्षा नखाच्या जाडीइतकं बाहेर आलं होतं. लांबच लांब कंगोरा. दोन्ही भाग मुळातच तंतोतंत सारखे नव्हते, आणि तसे असले तर फरक दोन्हीकडे अर्धा अर्धा वाटून घ्यायचा असतो, असं मी व्हिडिओत बघितलं होतं. आप्पांनी सगळा फरक एका बाजूला ढकलला होता. कलमात तसंच करतात. काडी बारीक आणि रोप जाड असलं तर मधोमध बसवायची नाही. एका बाजूची साल सालीला पक्की भिडवायची, दुसरी बाजू राहिली तर राहू दे. त्या एका बाजूवर अख्खा वेल जगतो. आप्पांच्या हातानं विमानालाही तेच केलं होतं.

मला हसू आलं, मग जरा वाईटही वाटलं, कारण यात विमानाचं काही चुकलं नव्हतं. मी पॉलिशपेपर काढला आणि म्हटलं, काळजी करू नका, घासून सपाट करते, रंगाखाली कळणारही नाही. बघू, म्हणून त्यांनी विमान मागून घेतलं. ते उलटं धरून त्यांनी सवयीनं पोटावरून अंगठा फिरवला. पुढे नेला. थांबले. परत मागे आणला.

"वैशू, हितं काहीतरी हाय."

मी म्हटलं, तोच कंगोरा, मघापासून तेच तर सांगतेय.

"तू सांगती म्हणून नाय. मला लागतंय."

मी त्यांच्याकडे बघितलं. चाकूची जखम नुकतीच भरलेला तोच अंगठा होता. पण आप्पा आप्पाच. त्यांचा स्वतःवरही लगेच विश्वास बसेना. डोळ्याला दिसतंय म्हणून मनाला वाटत असेल, म्हणाले. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि विमान माझ्या हातात दिलं. फिरव, म्हणाले, आणि सांगू नको.

मी विमान फिरवलं. वरचा सांधा त्यांच्या अंगठ्याखाली धरला. अंगठा सरकला. नाय, म्हणाले. मी बाजूचा गुळगुळीत भाग धरला. नाय. विमान हलू नये म्हणून मी कोपर गुडघ्यावर टेकवलं. मग मी पोट वर केलं आणि कंगोऱ्यापासून थोडं लांब त्यांचा अंगठा ठेवला. तो हळूहळू सरकत आला. कंगोऱ्याशी पोचला आणि ते काहीच बोलले नाहीत. गेलं, असं मला वाटलं. मग अंगठा तिथंच जरासा मागेपुढे झाला, साल चाचपताना व्हायचा तसा.

"हितं," ते म्हणाले. "चढ हाय हितं. बारीक हाय, पण हाय."

आई पिठाचे हात घेऊनच बाहेर आली. काय झालं, काय झालं, विचारू लागली. आप्पांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांचा दुसरा हात मोकळा होता, पण त्यांच्या ते लक्षात नव्हतं. त्यांना अजून एक शंका होती. त्यांनी आईला खाली बसवलं, तिला डोळे मिटायला लावले आणि तिचं पिठाचं बोट तिथं ठेवायला मला सांगितलं. चांगल्या बोटाला ते केवढं लागतं, हे त्यांना ताडून बघायचं होतं. आई म्हणाली, आहे की हो, चांगला कंगोरा आहे. आप्पांनी मान हलवली. मला त्याच्या निम्माच लागतोय, म्हणाले, आणि त्या निम्म्यावर ते इतके खूष झाले की मी त्यांना तसं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पॉलिशपेपर माझ्या मांडीवरून खाली पडला होता. ते घासायचं नाय, असं त्यांनी मला बजावलं. मग तसेच, डोळे मिटून, अंगठा पुढे करून बसले.

"फिरव," म्हणाले. "परत फिरव."